नापास झालेल्यांनीच ते साहित्य लिहिले

प्रति,
मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत स्पर्धा परीक्षांच्या बाजारावर आलेला लेख मी लक्षपूर्वक वाचला. पुण्यातल्या अभ्यासिकांमध्ये तिशी ओलांडलेल्या मुलांची होणारी घुसमट लेखकाने फार कळकळीने मांडली आहे. माझा मावसभाऊ त्या मुलांपैकीच एक आहे, त्यामुळे त्या भागातले एकही वाक्य मला परके वाटले नाही. पण लेखाच्या शेवटाकडे चीनचा दाखला येतो. तिथे कन्फ्यूशियसच्या पोथ्या घोकणारे, बादशहापुढे मान तुकवणारे पंडित आणि परीक्षेपायी पिढ्यान्‌पिढ्या वाया गेलेले तरुण, एवढ्या चार ओळींत पाचशे वर्षांचा निकाल लावून टाकला आहे. त्या चार ओळींसाठी हे पत्र लिहिते आहे. पत्र लांबणार आहे, पण विषय तसा आहे.

मी मूळची वाईची. मिंग आणि छिंग या राजवटींतले, म्हणजे १३६८ पासून १९११ पर्यंतचे कन्फ्यूशियन विद्वान आणि त्यांचे साहित्यविश्व हा माझ्या पीएच.डी.चा विषय आहे. त्यातही माझे बहुतेक काम अठराव्या शतकातल्या नानजिंग आणि यांगझोऊ या दोन शहरांभोवती फिरते. ही माणसे मी रोज वाचते. लेखात म्हटले आहे तशी ती मला कधी भेटलीच नाहीत.

आधी परीक्षेबद्दल. ती अमानुष होती याबद्दल माझा वाद नाही. प्रांतिक परीक्षा साधारण तीन वर्षांतून एकदा, शरद ऋतूत व्हायची. नानजिंगमध्ये छिन्ह्वाय नदीच्या काठी परीक्षेचे आवार होते, त्यात वीस हजारांहून अधिक कोठड्या. आज तिथे परीक्षांचे संग्रहालय आहे. नव्याने बांधून दाखवलेल्या कोठडीत उभे राहून हात पसरायला गेले, तर दोन्ही भिंती आड येतात. उमेदवाराला दोन फळ्या मिळत. भिंतीतल्या खाचांत एक वर बसवली की मेज, एक खाली बसवली की बैठक. रात्री दोन्ही एका पातळीवर आणल्या की अंथरूण. पाय लांब करायला जागा नाही. खाणे, शिजवायचे भांडे, मेणबत्त्या, पांघरूण सगळे घरून आणायचे. अशी तीन सत्रे. तिसरे सत्र आठव्या चिनी महिन्याच्या पौर्णिमेला यायचे. त्या रात्री शहरात घरोघर चंद्राचा सण चाललेला असायचा. दहा हजारांहून जास्त माणसे बसायची आणि उत्तीर्ण व्हायची ती शंभर-सव्वाशे.

पण त्याच आवारात दुसरेही काही चालायचे, ते लेखात आले नाही. उत्तरपत्रिका जमा झाली की आधी नाव झाकून मोहोर लागायची. मग कारकून ती संपूर्ण उत्तरपत्रिका लाल शाईने दुसऱ्या कागदावर उतरवून काढत, म्हणजे परीक्षकाला उमेदवाराचे अक्षर ओळखता येऊ नये. परीक्षकाच्या हाती पडायची ती ही लाल प्रत. वशिल्याला आळा घालण्यासाठी एका साम्राज्याने शतकानुशतके एवढी यातायात केली. वशिला तरीही चालला, कॉपीही चालली. पण ‘पोथ्या घोकणारे’ म्हणून तीही व्यवस्था एका फटक्यात उडवून देणे मला बरोबर वाटत नाही. १८५०च्या दशकात इंग्लंडमध्ये नोकरशाहीची खुली परीक्षा आणायची की नाही यावर वाद झाला, तेव्हा दोन्ही बाजूंच्या तोंडी चीनचे नाव होते. आपल्याकडच्या आयसीएसची आणि पुढे आजच्या आयोगांची वाट तिथूनच निघते.

आता मुख्य मुद्दा. ही परीक्षा माणसांना पोखरते हे सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत कडक शब्दांत कोणी सांगितले असेल, तर ते कन्फ्यूशियन विद्वानांनीच. गू यानवू (१६१३–१६८२) हा सतराव्या शतकातला सर्वांत मोठ्या विद्वानांपैकी एक. परीक्षेत लिहायचा जो ठरीव, आठ भागांचा निबंध असे, त्याचे नुकसान ग्रंथ जाळण्याइतके आहे आणि माणसे नासवण्यात तर तो त्याच्याही पुढे जातो, असे त्याने लिहून ठेवले. चीनच्या पहिल्या सम्राटाने ग्रंथ जाळले आणि पंडितांना जिवंत पुरले, ही तिथल्या प्रत्येक शिकलेल्या माणसाच्या मनातली जखम. गू तिचाच आधार घेतो. याला मान तुकवणे कसे म्हणायचे?

दुसरा पू सोंगलिंग (१६४०–१७१५). हा शांदोंग प्रांतातला. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी स्थानिक परीक्षेच्या तिन्ही पायऱ्यांवर तो पहिला आला आणि नंतर प्रांतिक परीक्षेत आयुष्यभर नापास होत राहिला. एका मोठ्या घराण्यात मुलांचा शिक्षक म्हणून त्याने तीसेक वर्षे काढली आणि रात्री बसून भुताखेतांच्या, कोल्हिणींच्या जवळजवळ पाचशे गोष्टी लिहिल्या. त्यांतल्या एकीच्या शेवटी परीक्षार्थीची सात रूपे त्याने दिली आहेत. आत शिरताना अनवाणी, हातात टोपली, म्हणून भिकाऱ्यासारखा. नावे पुकारताना अधिकारी आणि शिपाई खेकसतात, तेव्हा कैद्यासारखा. कोठड्यांच्या रांगेत प्रत्येक भोकातून एक डोके आणि प्रत्येक दारातून एक पाऊल बाहेर, तेव्हा थंडीने गारठलेल्या मधमाशीसारखा. बाहेर पडतो तेव्हा पिंजऱ्यातून सुटलेल्या आजारी पाखरासारखा. निकालाची वाट बघताना दोरीने बांधलेल्या माकडासारखा. यादीत नाव नाही म्हटल्यावर विष चाटलेल्या माशीसारखा. आणि काही दिवसांनी राग ओसरला, हात पुन्हा शिवशिवू लागले, की अंडी फुटल्यावर पुन्हा काड्या गोळा करू लागलेल्या कबुतरासारखा. हे सातवे रूप मी मावसभावाला फोनवर वाचून दाखवले, तर तो बराच वेळ काही बोलला नाही.

त्याच्याच दुसऱ्या एका गोष्टीत एक आंधळा भिक्षू आहे. निबंध जाळायला सांगायचा आणि त्या राखेचा वास घेऊन लिहिणाऱ्याची लायकी सांगायची, ही त्याची विद्या. चांगल्या निबंधाचा वास त्याला सुखावतो, वाईट निबंधाचा नाकात झोंबतो. निकाल लागतो तेव्हा वाईट निबंधवाला उत्तीर्ण, चांगला नापास. भिक्षू म्हणतो, माझे डोळे आंधळे आहेत, नाक नाही. परीक्षकांचे तर नाकही आंधळे निघाले. हे लिहिणारा माणूस स्वतः सत्तरी ओलांडेपर्यंत त्या व्यवस्थेच्या दाराशी उभा होता. या गोष्टी हस्तलिखितांतून फिरत राहिल्या आणि छापल्या गेल्या १७६६ मध्ये, तो गेल्यावर पन्नासेक वर्षांनी.

आणि तिसरा वू जिंगत्झ (१७०१–१७५४), ज्याच्यासाठी मी या विषयात आले. आन्हुई प्रांतातल्या छुआनज्याव गावचे हे घराणे. त्याचे पणजोबा १६५८ च्या राजवाड्यातल्या अंतिम परीक्षेत सबंध साम्राज्यात तिसरे आले होते. अशा घरातला हा मुलगा. भाऊबंदकीत वडिलोपार्जित मालमत्तेवरून तंटे झाले, उरलेले त्याने मित्रांवर आणि मागेल त्याला देण्यात उडवले, आणि १७३३ मध्ये गाव सोडून तो नानजिंगला आला. १७३६ साली दरबाराने विशेष परीक्षेसाठी विद्वान बोलावले तेव्हा त्याचेही नाव सुचवले गेले होते. आजारपण सांगून तो राजधानीला गेला नाही. त्यानंतर त्याने लिहिलेली कादंबरी ‘रूलिन वायशी’, म्हणजे विद्वानांचा बखरीबाहेरचा इतिहास.

तिच्यातले फान जिनचे प्रकरण चीनमध्ये शाळकरी मुलांनाही माहीत असते. आपल्याकडे ते फारसे कोणाला ठाऊक नाही म्हणून थोडे विस्ताराने सांगते. फान जिन चोपन्न वर्षांचा. विसाव्या वर्षापासून परीक्षा देतो आहे. अंगात फाटके कपडे, कडाक्याची थंडी. परीक्षक झोऊ जिन हाही म्हाताऱ्या वयापर्यंत नापास होत आलेला माणूस. तो फानची उत्तरपत्रिका वाचतो आणि त्याला त्यात काहीच अर्थ लागत नाही. वेळ आहे म्हणून पुन्हा वाचतो, तेव्हा थोडे काही जाणवते. तिसऱ्यांदा वाचतो आणि त्याला वाटते, यातले अक्षर अन् अक्षर रत्न आहे. तोच कागद, तोच वाचणारा. परीक्षा पद्धतीवर याहून जास्त काही बोलायची लेखकाला गरजच पडत नाही.

पुढे फान प्रांतिक परीक्षेला जायला सासऱ्याकडे वाटखर्च मागतो. सासरा हू हा खाटीक. तो त्याच्या तोंडावर थुंकतो. फान तसाच जाऊन परीक्षा देऊन येतो, तोवर घरात दोन-तीन दिवस चूल पेटलेली नाही. निकालाच्या दिवशी आई म्हणते, अंडी देणारी कोंबडी आहे ती बाजारात विकून चार मुठी तांदूळ आण. कोंबडी काखेत मारून गिऱ्हाईक शोधत हिंडणाऱ्या फानला शेजारी सांगतो, अरे, तू पास झालास. त्याला वाटते आपली थट्टा चालली आहे. शेवटी घरी येऊन भिंतीवर लावलेली सूचना तो स्वतः वाचतो, टाळी वाजवतो, ‘झालो, मी पास झालो!’ म्हणतो आणि वेडा होतो. तळ्यात पडतो, केस सुटलेले, एका पायातले पायताण गेलेले, तसाच ओरडत बाजाराकडे पळतो. उपाय एकच ठरतो: ज्याला तो भितो त्या माणसाने एक थोबाडीत द्यायची. पण खाटीक हू आता घाबरला आहे, कारण प्रांतिक परीक्षा पास झालेला माणूस म्हणजे आकाशातला तारा, त्याच्यावर हात कसा उचलायचा? दोन वाट्या दारू पिऊन तो मारतो, फान शुद्धीवर येतो आणि खाटकाचा हात दुखू लागतो. देवाचा कोप झाला म्हणून तो मलम मागत फिरतो.

शाळेत मुले इथे हसतात. मला मात्र नेहमी फानची आई आठवते. काही दिवसांत दारी भेटी येतात, घर येते, चाकर येतात. ही चिनी मातीची भांडी, हे चांदीने मढवलेले पेले सगळे तुमचेच, असे कोणीतरी तिला सांगते. ती मोठ्याने हसते, कोसळते आणि मरते. पास होण्यानेही माणूस मरू शकतो हे एका नापास माणसाने १७४०–५० च्या सुमारास लिहिले.

कादंबरीची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी छापील आवृत्ती १८०३ ची आहे. त्या काळच्या छापील कादंबऱ्यांत प्रकरणाच्या शेवटी टीकाकाराचे टिपण असायचे. फान जिनच्या प्रकरणानंतरच्या टिपणात एक इशारा येतो: हे पुस्तक वाचू नका, कारण एकदा वाचले की रोजच्या उठण्याबसण्यातला प्रत्येक माणूस त्यातलाच दिसू लागतो. अठराव्या शतकाच्या अखेरीचे वाचक किती तयारीचे होते हे कळायला मला हे एक वाक्य पुरते.

आता लेखकाच्या ‘वाया गेले’ या शब्दांकडे वळते. माझ्या संशोधनाचा सगळा भर याच प्रश्नावर आहे: नापास झाल्यावर ही माणसे जगली कशी? पुरावा विखुरलेला आहे. जिल्ह्यांचे गॅझेटियर, घराण्यांच्या वंशावळी, थडग्यांवर कोरलेले मृत्युलेख, मित्रांनी एकमेकांना लिहिलेल्या कवितांचे संग्रह. त्यांतून जे दिसते ते असे: कोणी मुले शिकवतो, कोणी अधिकाऱ्याचा खाजगी चिटणीस होतो, कोणी वैद्यकी करतो, कोणी प्रकाशकासाठी निवडक निबंधांची पुस्तके तयार करतो. झांग श्वेछंग (१७३८–१८०१) हा इतिहासाचा मोठा विचारवंत अनेकदा नापास होऊन १७७८ मध्ये एकदाचा उत्तीर्ण झाला, पण पोट भरले ते जिल्ह्यांचे इतिहास लिहून. यांगझोऊच्या मिठाच्या व्यापाऱ्यांकडे अफाट पैसा होता. ते ग्रंथालये बांधत, कवींना महिनोन्‌महिने घरी ठेवून घेत, पुस्तके छापून देत. हजारो माणसांनी तेच ग्रंथ वाचलेले होते, त्यामुळे एकाने लिहिलेले दुसऱ्याला लगेच समजायचे. नापास माणसाला वाचक होता, काम होते, मित्र होते. म्हणून त्याच्या हातून साहित्य झाले. परीक्षा थोर होती म्हणून नव्हे.

वू जिंगत्झचा मित्र छंग जिनफांग अशाच एका मीठ-व्यापाऱ्याच्या घरचा. त्याने वूचे छोटे चरित्र लिहिले आहे. वूकडे तांदूळ नसला की तो पुस्तके विकायचा. कडक थंडीत घरात शेगडी नाही, दारू नाही, तेव्हा पाच-सहा मित्र चांदण्यात नानजिंगच्या तटाबाहेर चालायला निघत. कित्येक मैल गात, ओरडत, एकमेकांच्या ओळी पुऱ्या करत जायचे आणि पहाटे वेशीतून आत शिरून हसत पांगायचे. याला ते ‘पाय शेकणे’ म्हणत. याच छंगने एका कवितेत हळहळ व्यक्त केली आहे की असा विद्वान माणूस, आणि त्याचे नाव राहणार ते एका कादंबरीमुळे! त्या काळी कादंबरीला प्रतिष्ठा नव्हती. छंग पुढे परीक्षाही पास झाला, दरबारी ग्रंथसंग्रहाच्या कामावरही गेला. आज त्याचे नाव घेतले जाते ते बहुतेक वूच्या चरित्रापुरते.

मान तुकवण्याबद्दल आणखी दोन नावे. यान रुओछ्यू (१६३६–१७०४) याने ‘शांगशू’ या आद्य ग्रंथातले पंचवीस अध्याय मागाहून घुसडलेले आहेत हे सिद्ध केले. एकेका वाक्याचा उगम जुन्या ग्रंथांत शोधला, पंचांग ताडून पाहिले, भूगोल तपासला. त्या ग्रंथाची टीका ज्या पंडिताच्या नावावर चालत आली होती, त्याच्या मृत्यूनंतर स्थापन झालेल्या एका जिल्ह्याचे नाव त्याच टीकेत त्याला सापडले. ज्या सोळा अक्षरांवर अधिकृत तत्त्वज्ञान उभे होते, ती याच घुसडलेल्या भागातली. हे सिद्ध करणारा माणूस १६७९ च्या विशेष परीक्षेत नापास झालेला होता. भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या पोथ्या शब्दाशब्दाला ताडून पाहण्याचे जे काम झाले, त्याचा अभिमान बाळगणाऱ्या महाराष्ट्राला तरी या माणसाच्या धैर्याची किंमत सांगावी लागू नये.

दुसरा दाय झेन (१७२४–१७७७), कापडाच्या व्यापाऱ्याचा मुलगा, राजधानीतल्या परीक्षेत वारंवार नापास. बादशहाने ग्रंथसंग्रहाच्या कामावर नेमले आणि १७७५ मध्ये मेहेरबानी म्हणून पदवी दिली. तरी त्याने लिहिले: माणूस कायद्याने मेला तर त्याची कीव करणारे कोणीतरी असते, ‘तत्त्वा’ने मेला तर त्याची कीव कोण करणार? थोरांनी धाकट्यांना, वरच्यांनी खालच्यांना तत्त्वाच्या नावाखाली चिरडावे याचा त्याला संताप होता. आणि हे सगळे अशा काळात, जेव्हा तोच बादशहा एका हाताने प्रचंड ग्रंथसंग्रह करवून घेत होता आणि दुसऱ्या हाताने राजवटीला न रुचणारी पुस्तके जाळत होता. एखाद्या ओळीवरून लिहिणाऱ्याचे अख्खे कुटुंब उद्ध्वस्त होऊ शकत होते. गप्प राहिलेल्यांना मी दोष देत नाही. बोललेल्यांना विसरू नये, एवढेच म्हणते.

बायकांना तर परीक्षेचे दारच नव्हते. तरी छिंग काळातल्या तीन हजारांहून अधिक लेखिकांची नोंद मिळते. युआन मेई (१७१६–१७९८) या नानजिंगच्या कवीने शिष्या जमवल्या आणि १७९६ मध्ये त्यांच्या कवितांचे पुस्तक काढले. वर उल्लेखलेला झांग श्वेछंग त्यावर फार चिडला होता. हा वाद वाचताना मला आपले एकोणिसावे शतक सारखे आठवते, पण तो विषय वेगळ्या पत्राचा.

मग लेखात आलेले चित्र कुठून आले? विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या चिनी सुधारकांकडून. त्यांना जुने पाडायचे होते आणि त्यांची लढाई खरी होती. पण त्यांच्यातलाच हू शी १९२० मध्ये काय लिहितो? आमच्या आन्हुईचा पहिला मोठा साहित्यिक म्हणजे छुआनज्यावचा वू जिंगत्झ. परीक्षा बंद झाल्या १९०५ मध्ये. शान्शी प्रांतातल्या ल्यू दापंग या शिक्षकाने रोजनिशीत लिहिले आहे की ती बातमी कळल्यावर सकाळी उठलो तेव्हा मन विझलेल्या राखेसारखे झाले होते. त्याला चिंता होती ती शिकवणीची, कारण जुने ग्रंथ शिकवणाऱ्या गावोगावच्या हजारो माणसांचे काम एका फर्मानाने गेले. ज्या आडवाटांनी नापास माणूस आजवर तगला होता, त्या तेव्हा बुजल्या. पुण्यातल्या मुलांबद्दल लिहिताना चीनकडून काही घ्यायचेच असेल, तर लेखकाने हा धागा घ्यावा: यांच्यासाठी अशा कोणत्या वाटा आपण ठेवल्या आहेत?

जाता जाता एक विनंती. पुण्यात चिनी वाचणारे पंडित होऊन गेले. पु. वि. बापट आणि वा. वि. गोखले यांनी चिनीतले बौद्ध ग्रंथ पालीशी, संस्कृतशी ताडून पाहिले, जगभर त्यांचे नाव झाले. चीनचे लौकिक साहित्य मात्र आपल्याकडे बहुतेक इंग्रजीच्या खिडकीतूनच येते. फान जिनचे प्रकरण मी मूळ चिनीवरून मराठीत केले आहे, टिपांसह वर्तमानपत्राचे एक पान भरेल. पुरवणीत जागा देणार असाल तर मानधन नको. एकच अट, ते प्रकरण मधूनच कापू नये, आई मरते तिथपर्यंत पूर्ण छापावे.

आपली नम्र,
एक संशोधक विद्यार्थिनी
वाई, जि. सातारा